पुरचुंडीतला करंडा

नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात एक माणूस राहायचा, त्याच्याशी म्हणे वस्तू बोलायच्या. कुणाची अंगठी असो, काठी असो, नाहीतर फाटकी वहाण असो, हातात घेतली की ती कुणाची, तिनं काय काय पाहिलं, हे तो सांगायचा. वस्तू उघडून बघायचीही त्याला गरज नसे. फडक्यात गुंडाळलेली असली तरी चाले. लोक त्याला जाणतेबुवा म्हणत.

आता गोष्टीत असा माणूस आला की तो ठग निघणार, असं आपण धरूनच चालतो. हा बुवा तसा नव्हता. कुणाकडून सुपारीचं खांडही घेत नसे. आपल्या कट्ट्यावर बसायचं, वस्तू तळहातावर ठेवायची, डोळे मिटायचे, मग डोळे उघडून समोरच्या माणसाकडे बघत सावकाश बोलायचं, ही त्याची रीत. तो बोलायचा ते पटायचं. ऐकता ऐकता बायका डोळ्याला पदर लावत. देवानं आपल्याला वेगळे कान दिलेत, असं त्यालाही मनापासून वाटायचं.

एके दिवशी पाटलीणबाईंचा सोन्याचा हार नाहीसा झाला. डबी जागेवर, हार नाही. त्याच सकाळी कासारीण त्यांना बांगड्या भरून गेली होती. मग काय विचारता, दुपारपर्यंत गावभर कुजबुज. पाटलांनी कासारणीला चावडीवर बोलावलं, आणि रिकामी डबी बुवाच्या हातात दिली.

पाटलीणबाई बुवाच्या समोर बसल्या होत्या. कासारीण पायरीशी उभी होती, डोक्यावर बांगड्यांची टोपली तशीच. बुवानं डोळे मिटले, उघडले, जरा वेळ समोर बघितलं आणि म्हणाला, "बांगड्या दिसतात. हिरव्या. एका हातात मावणार नाहीत इतक्या."

नाव त्यानं घेतलं नाही. घ्यावं लागलंच नाही. साऱ्या माना पायरीकडे वळल्या.

"झालं तर मग," पाटील म्हणाले. "उद्यापासून या गावात पाऊल टाकायचं नाहीस. आसपासच्या गावांनाही निरोप धाडतो."

कासारणीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. घर सगळं त्या टोपलीवर. आणि बांगड्या भरायच्या म्हणजे बाईनं आधी आपला हात विश्वासानं दुसऱ्याच्या हातात द्यावा लागतो. चोर ठरलेलीच्या हातात कोण हात देणार? तिनं टोपली खाली उतरवली. रडली नाही. बुवाकडे बघून म्हणाली, "बुवा, एवढंच सांगा. मी या पायरीवर नसते आणि पाटलीणबाई तुमच्या समोर नसत्या, तरी डबीनं हेच सांगितलं असतं का?"

पाटील चिडले. पण बुवाला तो प्रश्न लागला. आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. तो म्हणाला, "ही विचारते ते बरोबर आहे. माझी परीक्षा घ्या. वस्तूंचे धनी समोर नकोत, कुणीच नको. त्यात मी चुकलो, तर डबीचंही खरं मानू नका."

संध्याकाळी जेवताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. बोलताना तो खुशीत होता, कारण आपण चुकू असं त्याच्या मनातही नव्हतं.

"आणि नाही जमलं तर?" बायकोनं विचारलं.

"तर नाही जमलं म्हणून सांगेन."

"सांगाल ना?"

"सांगेन म्हटलं ना." त्यानं भाकरी मोडली.

दुसऱ्या दिवशी देवळातला गुरव झाकलेली पाटी घेऊन घरोघर फिरला. ज्याला वाटेल त्यानं आपल्या घरची एक जुनी वस्तू पांढऱ्या फडक्यात बांधून, गुरवानं तोंड फिरवलं की पाटीत टाकायची. सारा गाव नदीवर जाऊन बसला. गुरवही पाटी देवळात ठेवून तिकडेच गेला. ऐकायला राहिले ते एक म्हातारे पंच. कोणती पुरचुंडी कुणाची, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

बुवानं पहिली पुरचुंडी हातात घेतली. डोळे मिटले. नेहमी वस्तू हातात आली की आत काहीतरी हलायचं. आज फडकं ते फडकंच राहिलं. त्यानं डोळे उघडून समोर बघितलं. समोर पंच, आणि त्यांचा चेहरा सारवलेल्या भिंतीसारखा कोरा. बुवाला काय बोलावं सुचेना, तेव्हा जे तोंडाला आलं ते तो बोलला. दुसरीलाही तेच झालं, पुढचीलाही तेच.

शेवटी एक लहान, गोल, टणक पुरचुंडी हाताला लागली. त्यानं ती कानाशी नेली, कपाळाला लावली. मग हळू आवाजात म्हणाला, "ही परक्या माणसाची आहे. लांबून आलेल्या. त्याचं या गावात कुणी नाही."

गाव परतला आणि पुरचुंड्या देवळात सगळ्यांसमोर उघडल्या. नव्या नवरीचा दागिना म्हणून बुवानं सांगितलेली वस्तू पाटलांच्या बैलाची घंटा निघाली. मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं आणि गप्प झालं. शिकाऱ्याचं हत्यार निघालं सुताराच्या घरचं लाटणं. एका वाटीबद्दल तो म्हणाला होता, हिच्यावर कुणीतरी रडलंय. कुंभारीण लगेच पुढे झाली. "रडले होते की मी, मागच्या साली." लोकांना हायसं वाटलं. बघा, बुवाला कळतंय, असं एकमेकांना सांगू लागले. आता वर्षभरात वाटी हातात घेऊन न रडलेली बाई गावात शोधून सापडली असती का, हा विचार कुणी केला नाही.

मग पंचांनी शेवटची गाठ सोडली. आत लाकडी करंडा होता, कुंकवाचा. घरोघरी असतो तसा.

"हा कुणाचा?"

बायकांच्या घोळक्यातून बुवाची बायको पुढे आली. "आमच्या सासूबाईंचा," ती म्हणाली. "माझ्या पेटीत होता. अहो, वस्तू बोलत असत्या, तर ही तुमच्याशी सगळ्यात आधी बोलली असती."

बुवा करंड्याकडे बघत राहिला. आईच्या वस्तूला तो परक्याची म्हणाला होता. त्याचं या गावात कुणी नाही, असं म्हणाला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि गंमत बघा, गावच त्याच्या मदतीला धावला. एक म्हणाला, घरच्या वस्तूवर विद्या चालत नसेल. दुसरा म्हणाला, फडकी नवी होती, फडक्यांनी अडवलं. पाटील जवळ येऊन समजुतीनं म्हणाले, "बुवा, आजचा दिवस बरोबर नव्हता. एवढंच म्हणा. बाकी आम्ही बघून घेतो."

एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं असतं तर मान राहिला असता, कट्टा राहिला असता, लोकांचे नमस्कार राहिले असते. बुवाची जीभ त्या शब्दांपर्यंत गेलीसुद्धा. मग त्याला देवळाच्या पायरीशी कासारीण दिसली. ती कुणाकडे बघत नव्हती. टोपलीला दोरी बांधत होती. निकाल काय लागायचा ते तिनं धरूनच ठेवलं होतं. बुवानं बायकोकडे बघितलं. तिनं काल विचारलं होतं, सांगाल ना?

"दिवस बरोबर होता," बुवा म्हणाला. "मीच बरोबर नव्हतो. वस्तू माझ्याशी कधी बोललीच नाही. मला तुम्ही दिसायचात. तुमचा हात कापला, तुमचा गळा भरून आला, की मला वाटायचं हे वस्तूच सांगतेय. काल डबी हातात होती तेव्हा पाटलीणबाई सारख्या कासारणीच्या टोपलीकडे बघत होत्या. त्यांचा संशय मी उचलला आणि डबीच्या तोंडी घातला. या बाईनं हार घेतला का नाही, ते मला ठाऊक नाही. आणि तुम्हालाही नाही."

पाटलीणबाईंची मान खाली गेली. मग त्या उठल्या, पायरीपर्यंत आल्या आणि कासारणीपुढे आपला हात धरला. "भर," त्या म्हणाल्या. "तुला हवी ती बांगडी भर."

कासारणीनं तो हात हातात घेतला, क्षणभर धरला आणि सोडला. "आज नको, पाटलीणबाई," ती म्हणाली. "आज माझा हात थरथरतोय. बांगडी वाढेल." टोपली डोक्यावर घेऊन ती सावकाश निघून गेली.

सणाला मात्र ती आली. पाटलीणबाईंनी तिच्यासाठी ओसरीवर पाट मांडून ठेवला होता. तुम्ही विचाराल, हाराचं काय झालं? सापडला. पुढे कधीतरी घर सारवताना जड पेटारा सरकवला, तर त्याच्यामागच्या भेगेत अडकला होता. पण कासारीण त्याच्या कितीतरी आधी आली होती, हे विसरू नका.

बुवाच्या कट्ट्यावरची गर्दी ओसरली. थोडी माणसं तरीही येत राहिली. कुणी मुलाचं मुंडासं घेऊन यायचं, कुणी बहिणीची पोत. बुवा ती हातात घेत नसे. "तुझ्यापाशीच राहू दे," म्हणायचा. "तू बोल. मी ऐकतो." आणि माणसं तासन्‌तास बोलत. जाताना हलकी होऊन जात.

घरी तो करंडा आता भिंतीतल्या देवळीत असायचा. एका संध्याकाळी बुवानं तो काढून बायकोपुढे ठेवला. "आईच्या हातात हा असायचा का गं? मला आठवतच नाही."

"कसा आठवेल? तुम्ही कट्ट्यावर असायचात, लोकांच्या वस्तू घेऊन," बायको म्हणाली. त्यात राग नव्हता. तिनं करंड्यावरून बोट फिरवलं. "झाकणाचा हा टवका बघा. तुम्हाला ताप भरला होता, तेव्हा तुमच्या कपाळाला अंगारा लावायला म्हणून घाईत उठल्या आणि हा खाली पडला."

बुवा पुढे सरकून बसला. "सांग," तो म्हणाला. "पहिल्यापासून सांग."

तात्पर्य: वस्तू कुणाविरुद्ध साक्ष देत नाही, आपल्या मनातलंच आपण तिच्या तोंडी घालतो. म्हणून कुणावर बोट ठेवण्याआधी आपण पाहिलं किती आणि मानलं किती, हे तपासावं, आणि चुकलो तर चुकलो म्हणावं.