सैल दोर

एका माळावर मेंढ्यांचा एक कळप हिंडत असे, आणि त्याच्या मागून पाठीवर बिऱ्हाड लादलेली एक म्हातारी घोडी चालत असे. यंदा तिच्या खोगिराला एक दोर बांधला होता आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला होते कुत्र्याचे पिल्लू. पिल्लू कसले, जिवाला घोरच तो. सरडा दिसला की दोर ताणून इकडे धावे, टोळ दिसला की तिकडे. मुक्कामाला घोडी जरा विसावली की तिच्या पायांना कडाकड चावे. अखेर मेंढपाळ वैतागून म्हणाला, "घाट चढेपर्यंत हे सुधारलं नाही, तर वरच्या गावात सोडून देईन. कोकरांच्या तंगड्या चावणारा राखणदार मला नको."

घोडीने हे ऐकले आणि कान टवकारले. या पिल्लाच्या आईने एकदा तिचे शिंगरू लांडग्याच्या तावडीतून सोडवले होते. ती बिचारी आता नव्हती. तिचे लेकरू परक्या गावात उकिरडे फुंकत फिरणार, हे घोडीला सोसवेना. 'या पोराला मी वळण लावीनच,' तिने मनाशी ठरवले.

पण मुलांनो, नुसते ठरवून काय होते? पहिल्यांदा घोडीच चुकली. पिल्लू चावले की ती पाय झाडी आणि फुरफुरे. पिल्लाला वाटे, आजीला खेळ आवडला, आणि ते दुप्पट जोराने चावे. झुडपाआडून एक कोल्हा ही गंमत बघत होता. तो गोड आवाजात म्हणाला, "घोडीबाई, एक सणसणीत लाथ घाला. जन्माची खोड जाईल."

"खोड जाईल, पण पोरही जाईल," घोडी म्हणाली, "आणि मग कोकरांजवळ फिरकायला तुला कुणाची भीती उरणार नाही." कोल्ह्याने शेपूट आत घातली.

दुसऱ्या दिवसापासून घोडीने रीत बदलली. दोर ताणला की ती खांबासारखी जागच्या जागी उभी राही. ना ओरडे, ना ओढी. पिल्लू केकाटे, रुसे, धुळीत लोळे. शेवटी कंटाळून मागे येई, दोर सैल पडे आणि घोडी लगेच चालू लागे. मुक्कामाला पिल्लू खुंटीला बांधलेले असे. ते चावले की घोडी मुकाट्याने उठे आणि दोर पोचणार नाही इतकी लांब जाऊन पाठ फिरवून बसे. पिल्लू शांत झाले की परत येई आणि वडाच्या पारंबीचा तुकडा खुराने पुढे सरकवी. "दात शिवशिवतात ना बाळा? हे चाव. माझे पाय मला चालायला लागतात."

कळपाला हे काही रुचले नाही. मेंढा कुरकुरला, "आजी, तुझ्या थांबण्यापायी आम्ही रोज उशिरा पोचतो."

"उशिरा पोचू," घोडी म्हणाली, "पण सगळे पोचू." कधी तिचे गुडघे दुखत, कधी तिलाही वाटे की ओढावे याला फरफटत. पण एकदा ओढले तर आजवरचे सगळे पाण्यात जाईल, हे ती जाणून होती.

मग घाट आला. वाट एवढी अरुंद, की एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. नेमका तिथेच, दरीच्या काठाखालच्या खडकावर, कोल्हा एका मागे राहिलेल्या कोकरावर टपून बसला होता. पिल्लाला तो दिसला आणि ते उसळले. दोर ताणला गेला. पुढे आणखी एक उडी पडती, तर पिल्लू आणि ओझ्यासकट घोडी दोघेही दरीत कोसळले असते. घोडीने डोळे मिटले आणि पाय घट्ट रोवले.

पण उडी पडलीच नाही. दोर ताणलेला जाणवताच पिल्लू आपोआप मागे सरले, घोडीच्या गुडघ्याशी उभे राहिले आणि तिथूनच भुंकू लागले, इतके की सारा घाट दणाणला. मेंढपाळ काठी घेऊन धावत आला. कोल्हा पसार झाला आणि कोकरू आईपाशी पोचले.

वरच्या गावाची वेस आली तेव्हा मेंढपाळाने पिल्लाच्या गळ्यातला दोर सोडला. घोडीला वाटले, आता तो पोराला इथेच सोडणार. ती थांबली. पिल्लूही थांबले. ती चालू लागली, तसे तेही तिच्या गुडघ्याला लागून चालू लागले, आणि दोघे कळपामागून ते गाव ओलांडून गेले.

तात्पर्य : लाथेने खोड दबते, चिकाटीने ती सुटते; दुसऱ्याला वळण लावायचे तर आधी आपण न ढळता उभे राहावे.