विश्वासरावांनी गाडी चमकवली

एका गावाला एक भोळा जावई मिळाला होता. नाव विश्वासराव. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचे. सासरे अण्णा त्यांना ओरडू शकत नव्हते. जावयाला कसं ओरडणार?

धाकट्या मुलीचं, मंदाचं लग्न होतं. नवरानवरीला अण्णांच्या जुन्या काळ्या मोटारीतून पाठवायचं ठरलं. मोटार पार मळकट झाली होती. अण्णांनी तालुक्याहून विजेवर चालणारं पॉलिशचं मशीन आणलं. त्याला पुढं लोकरीची गोल गादी होती.

लग्नाच्या सकाळी अण्णा म्हणाले, "जावईबापू, एवढं मशीन गाडीवर फिरवा. सगळीकडून फिरवा."

विश्वासरावांनी मशीन गाडीच्या टपावर बांधलं. बाजारातून फिरवलं. शाळेवरून फिरवलं. मळ्याच्या कच्च्या रस्त्यानं फिरवून परत आणलं. गाडीवर बोटभर धूळ.

"मामा, फिरवलं. सगळीकडून."

अण्णांनी बादली आणली. स्वतः गाडी धुतली. म्हणाले, "अहो, तसं नाही. जागचं हलायचं नाही. इथंच उभं राहून मशीन चालू करायचं."

"असं होय!"

विश्वासरावांनी बॉनेटवर मशीन टेकवलं, चालू केलं आणि जागचे हलले नाहीत. मशीनही हललं नाही. रंग तापला. धूर निघाला. खालचा पत्रा दिसू लागला, ताटाएवढा.

"जावईबापू!" अण्णांनी वायर उपटली. "एका जागी थांबायचं नसतं हो! हलक्या पावलांनी गोल गोल फिरत राहायचं."

"असं होय!"

अण्णांनी त्या ताटावर झेंडूची माळ टाकली आणि मशीन कुलपात ठेवलं.

मग सासूबाई म्हणाल्या, "अहो, अंगणातल्या चुलीवर दूध ठेवलंय. जरा थांबा तिथं."

थांबायचं कसं? विश्वासराव चुलीभोवती हलक्या पावलांनी गोल गोल फिरू लागले. ते पाठीमागच्या बाजूला असताना दूध वर आलं. पुढच्या बाजूला येईपर्यंत उतू गेलं.

सासूबाई धावत आल्या. "अहो, फिरताय काय? हा तांब्या धरा. उरलेल्या दुधावर नजर ठेवा. फेस वर आला रे आला, की पाण्याचा हबका मारायचा!"

"असं होय!"

विश्वासराव तांब्या घेऊन उभे राहिले. तेवढ्यात मांडवाच्या दारातून भटजी ओरडले, "वर आला! वर आला!"

विश्वासराव धावले. त्यांनी हबका मारला.

नवरदेव दुधासारखा खाली बसला.

वरबाप लाल झाले. मंदाला रडू फुटलं. अण्णांनी व्याह्यांचे पाय धरले, नवरदेवाला स्वतःचं नवं धोतर दिलं आणि लग्न कसंबसं लागलं. मग त्यांनी विश्वासरावांना बाजूला घेतलं. हात जोडले.

"जावईबापू, तुमच्या पाया पडतो. आज आता कशालाही हात लावू नका."

"असं होय!"

संध्याकाळी पाठवणी. घरात मोटार चालवणारं दुसरं कुणी नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, "पोहोचवून या हो दोघांना."

विश्वासराव चालकाच्या जागी बसले. हाताची घडी घातली.

"चावी तुम्ही फिरवा," ते शेजारी बसलेल्या नवरदेवाला म्हणाले. "मला हात लावायचा नाही."

नवरदेवाला वाटलं, यांच्याकडे रीत असेल. त्यानं चावी फिरवली.

"आता गिअर टाका."

त्यानं गिअर टाकला. गाडी निघाली. बायका डोळे पुसत होत्या. वाजंत्री वाजत होती. रस्ता सरळ होता तोवर सगळं छान चाललं.

पुढं तळ्यापाशी वळण आलं. रस्ता वळला. गाडी वळली नाही.

अण्णा धावत तळ्याच्या काठावर पोहोचले, तेव्हा मोटार मधोमध उभी होती. झेंडूच्या माळा तरंगत होत्या. टपावर नवरा आणि नवरी एकमेकांना घट्ट धरून बसले होते. आत विश्वासराव गळ्यापर्यंत पाण्यात. हाताची घडी तशीच.

"जावईबापू!" अण्णांचा आवाज फाटला. "हे काय केलंत?"

विश्वासराव खिडकीतून हसले.

"काळजी नको, मामा. मी कशालाच हात लावलेला नाही!"