ओढणीचे दोन तुकडे

एका शहरातल्या महाविद्यालयाने एकदा ठरवले की, ज्यांच्या घरात कुणी कधी नांगर धरला नाही अशा मुलांनी वर्षभर एक शेत कसून पाहावे. जमीन निवडायला मिथिला नावाची विद्यार्थिनी नदीकाठच्या एका गावी गेली. तिथल्या केरबातात्या नावाच्या वृद्ध शेतकऱ्याने तिला बांधाच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी दोन शेते दाखवली.

अलीकडचे शेत सारवलेल्या अंगणासारखे स्वच्छ होते. पलीकडे गवत माजलेले, मुंग्यांची बिळे आणि ओलसर, उग्र वास.

"आम्हाला हे स्वच्छ शेत चालेल," मिथिला म्हणाली.

तात्यांनी तिच्याकडे पाहिले. "तुझी ओढणी सुती आहे का गं, पोरी?"

"हो. काठ तेवढा नायलॉनचा आहे."

"मला देतेस?"

तिने गोंधळून ओढणी दिली. तात्यांनी ती मधोमध फाडली, दोन्ही शेतांत वीतभर खड्डे केले आणि एकेक तुकडा घडी करून आत ठेवला. वर माती लोटून ती त्यांनी तळव्याने थोपटली. एखाद्याला मूठमाती द्यावी तसे ते सारे चालले होते.

"दोन्हीकडे पाणी मी घालीन. दोन महिन्यांनी ये. तोवर काही ठरवू नकोस."

ती पुन्हा गावी आली तेव्हा भर दुपार होती. स्वच्छ शेतातला खड्डा तिने स्वतः उकरला. तुकडा जसाच्या तसा निघाला. घडीसुद्धा मोडली नव्हती.

"तात्या, किती छान सांभाळलं या मातीनं!"

"आता ती बाजू बघ."

पलीकडे तिने हात घातला. कापड लागेना. बोटांना नुसता काठ लागला, माशाच्या काट्यासारखा, आणि त्याभोवतीची काळी माती हलत होती. मिथिलाने किंचाळून हात मागे घेतला.

"कुणी खाल्लं ते?"

"ज्यांच्या जिवावर आपण जेवतो त्यांनी," तात्या शांतपणे म्हणाले. "डोळ्यांना दिसतात ते किडे, गांडुळं, आणि न दिसणारे कितीतरी. पाला, शेण, मेलेली मुळं ते खातात, तेव्हा कुठं पिकाच्या तोंडी घास पडतो. तिकडं खाणारं कुणी उरलं नाही. तिथं काही कुजत नाही, पोरी. पोत्यातून खत ओतावं तेवढंच पीक येतं."

मिथिला बांधावर उभी राहिली. अलीकडच्या शेतावर एकही पाखरू नव्हते, एक किडा किरकिरत नव्हता. इतकी निःशब्द जागा तिने कधी अनुभवली नव्हती.

"हे शेत कुणाचं?"

"माझंच. पंधरा वर्षं औषधं मारली. तण दिसलं की मारायचो, किडा दिसला की मारायचो. लोक म्हणायचे, शेत असावं तर केरबाचं. तुम्हा पोरांना काय कळतंय म्हणून हेच तुमच्या गळ्यात मारणार होतो. मन धजलं नाही."

मग मिथिला त्या मुक्या शेतात उतरली आणि गुडघे टेकून बसली.

"तात्या, आम्हाला हेच द्या," ती म्हणाली. "आणि सांगा, या मातीला आधी खायला काय घालायचं?"

आजवर त्या जमिनीकडे आलेल्या प्रत्येकाने ती किती देईल एवढेच विचारले होते. तात्या शेणखताची पाटी आणायला गेले.