पाझराची राखण

त्या राज्यात एकच तळे होते, आणि तळ्याच्या बांधाला एक पाझर होता. एका मोठ्या पुरात तिसऱ्या थरातला चिरा सरकला, तेव्हापासून तो सुरू झाला. चिखल लिंपून पाहिला, मुळे कोंबून पाहिली. तो बुजला नाही. थंडीत थोडा वाढे, उन्हाळ्यात थोडा ओसरे. पहिल्याच वर्षी ओल जिथवर पोहोचली होती, तिथे कासवाने नखाने दगडावर एक खूण करून ठेवली होती.

तरीही ते दिवस चांगले होते. तिथले जुने जीव अजून त्या संध्याकाळींविषयी बोलतात. बांधाच्या पायथ्याशी लव्हाळा माजलेला असे. म्हैस त्या ओल्या चिऱ्याला पाठ लावून रवंथ करी. पाणी गार, अंगाला झोंबे. मग ती जरा सरके आणि पुन्हा टेके. बेडकांचे गाणे चाले. पाझराची टपटप त्यात कधी ऐकू येई, कधी येत नसे.

मग एका हिवाळ्यात तीन दिवस पाझर जोरात वाहिला. सगळे घाबरले. सभा भरली आणि टिटवीला राखणीवर नेमले. जुन्या पुरात तिची अंडी वाहून गेली होती, त्यामुळे तिच्याइतके जागरूक दुसरे कोणी नव्हते. पाणी वाढले की ओरडायचे, एवढेच काम. ते तिने चोख केले. पुढे ढग दिसला तरी ती ओरडू लागली. त्याहीपुढे, नुसता पूर आठवला तरी.

बगळ्याकडे नोंदीचे काम होते. पूर्वी तो रोज पाझराशी जाऊन ओल कुठवर आली ते पाही. पण टिटवीच्या हाका पैलतीरावरही ऐकू येत, म्हणून तो तिथूनच हाका मोजून चिखलात रेघा ओढू लागला. काल तीस, आज चाळीस. "बांध खचतोय," तो गंभीरपणे सांगे. रेघा समोर दिसत होत्या; कोणी शंका घेतली नाही.

हाक नीट ऐकू यावी म्हणून बेडकांनी गाणे थांबवले. त्या शांततेत ती आणखी मोठी झाली. म्हैस पैलतीरावर कोरड्या जागी जाऊन बसली, तरी तिला पोटाखाली ओल जाणवे.

"बाई गं, तू ओरडलीस की माझा घासच अडकतो," ती म्हणे.

"घास अडकलेला बरा, की वाहून गेलेलं बरं?" टिटवी विचारी.

शेवटी ठरले, चैत्रातल्या पौर्णिमेला तळे सोडायचे. पलीकडे तीन दिवसांचा उघडा माळ होता. कासवाला तो ओलांडता येणार नाही हे सर्वांना ठाऊक होते. त्याच्यासमोर तो विषय कोणी काढत नसे.

निघायला आठ दिवस उरले असताना कासव बांधाकडे गेले. त्याला जुनी जागा एकदा पाहायची होती. पोहोचेपर्यंत दुपार झाली. लव्हाळा त्याच्या डोक्यावर गेला होता. त्यातून वाट काढत ते चिऱ्यापाशी आले. पाणी ठिबकत होते, पूर्वीइतकेच गार. त्याने आपली खूण शोधली. ओल तिच्या काठाशी येऊन थांबली होती, आणि खुणेत कोरडी धूळ बसली होती.

वरून टिटवी किंचाळली, "मागे हो, दादा! फुटतोय!"

"खाली ये ना."

"खाली आले तर राखण कोण करील? तू?"

"जवळून शेवटचं कधी पाहिलंस?"

"जवळून पाहायला धीर लागतो. तू पाठीवर घर घेऊन फिरतोस. तुझं काय वाहून जाणार आहे?"

कासव रागावले नाही. "ओरडू नकोस असं मी म्हणत नाही, बाई. ओरड. फक्त आधी एकदा इथे उतरत जा."

त्या दिवशी ती उतरली नाही. दुसऱ्या दिवशी अर्ध्यावर आली आणि उडून गेली. तिसऱ्या दिवशी मान वाकडी करून खुणेशी उभी राहिली, मग वर जाऊन ओरडलीच. बगळ्याच्या रेघा मात्र त्या दिवशी कमी भरल्या. उतरून पुन्हा चढायला वेळ लागतो.

पौर्णिमेच्या सकाळी सगळे बांधाखाली जमले. माळाची वाट तिथूनच जात होती. ऊन आतापासूनच तापले होते. कासव निरोप द्यायला येऊन बसले होते. बांधावरच्या उघड्या खडीत टिटवीने चार अंडी घातली आहेत, हे तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आले. ती अंड्यांवरून उठली, खाली उतरली आणि सगळ्यांच्या देखत पाझराखाली उभी राहिली. पाणी अंगावर पडताच शहारली, पण हलली नाही. पोटाची पिसे चिंब होऊ दिली आणि तुरुतुरु चढून उन्हाने तापलेली अंडी गार करायला त्यांच्यावर जाऊन बसली. चढणीच्या धुळीत थेंबांची एक ओळ उमटली होती.

म्हैस त्या ओळीकडे बघत राहिली. मग वळली, चिऱ्याला पाठ लावली, पाणी झोंबले तशी जरा सरकली, आणि पुन्हा टेकली.