देवमाशाचा थोरला मुलगा

व्हिएतनामच्या दक्षिण किनाऱ्यावर हाय-लाम नावाचे कोळ्यांचे एक गाव होते. तिथल्या लहानशा बुद्धमंदिरात तुए-हाय महाराज राहत. सकाळचा बाजार उठला की बायका रिकाम्या टोपल्या घेऊन त्यांच्या पायरीशी टेकत आणि घरची सुखदुःखे सांगत.

त्यांतलीच एक दियू. मासळी सुकवून पोट भरणारी. तिचा नवरा समुद्रावर गेला तो परतलाच नाही. देह मिळाला नाही, त्यामुळे कोणासमोर बसून रडावे, हेही तिला कधी कळले नव्हते.

तिथले कोळी देवमाशाला आदराने आजोबा म्हणत. वादळात सापडलेली होडी पाठीवर घेऊन किनाऱ्याला लावणारा तो त्यांचा देव. मेलेले आजोबा किनाऱ्याला लागले, तर ज्याला ते प्रथम दिसतील त्याने त्यांचा थोरला मुलगा व्हायचे, डोक्याला पांढरे फडके बांधायचे आणि तीन वर्षे सुतक पाळायचे, अशी रीत.

एका पहाटे किनाऱ्याला लागलेले मेलेले आजोबा प्रथम दियूला दिसले. तिने फडके बांधले आणि वाळूत बसून पोटभर रडून घेतले.

गाव जमले. सात होड्यांचा मालक दोआन पुढे झाला.

"थोरला मुलगा? ही? मग उद्यापासून दाढी करायला पाठवा हिला." लोक हसले. "ते फडकं इकडे आण, दियू. आजोबांच्या मागं कोणीतरी वजनदार माणूस नको का?"

दियूचा हात गाठ सोडायला गेला.

"राहू दे, पोरी," महाराज म्हणाले. "एवढा किनारा सोडून आजोबा तुझ्या पुढ्यात आले. त्यांनी निवडलेलं आपण बदलणारे कोण?"

दोआनला ते झोंबले. अंत्यविधी होईपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही, हा गावचा नियम. तो नियम मोडून दोआन एकटाच होडी घेऊन निघाला. "माझ्या वाटची उदबत्ती त्या थोरल्यालाच लावू दे," जाता जाता म्हणाला.

दुपारी समुद्र फिरला. शीड फाटलेली दोआनची होडी किनाऱ्यावरून दिसत होती, पण त्या लाटांत शिरायची कोणाची छाती होईना. त्याची बायको वाळूत पडून रडू लागली. ते रडणे दियूच्या ओळखीचे होते.

"महाराज, माझ्या माणसाच्या वेळी आजोबा आले नाहीत. आज माझ्या हाकेला येतील?"

"तेव्हा का आले नाहीत, ते मला ठाऊक नाही," महाराज म्हणाले. " पण आज थोरला तू आहेस. हाक मारायचं काम तुझं."

दियू कमरेइतक्या पाण्यात शिरली. लाटांनी तिच्या डोक्याचे फडकेही भिजले. जन्मभर आजोबा म्हणणारी ती, आज तिच्या तोंडून निघाले, "बाबा, त्याला घेऊन या. त्याची बायको वाट बघतेय."

आणि काय सांगावे! आजोबांचा देह किनाऱ्यावर होता तिथेच होता, आणि तिकडे लाटांतून एक काळीभोर पाठ वर आली. होडी तिच्यावर अलगद टेकली. वाळूला लागेपर्यंत ती पाठ काही बुडाली नाही.

दियूने हात जोडले. नवरा काही परत मिळाला नव्हता, तरी तिचा ऊर कृतज्ञतेने भरून आला होता.

दोआन होडीतून उतरला आणि महाराजांच्या पायांशी वाकला. महाराजांनी नुसते दियूकडे बोट दाखवले.

"थोरल्या, चुकलो मी," तो तिच्या पायांवर डोके ठेवून म्हणाला. "तुझ्या मागं धाकटा म्हणून उभा राहू देशील?"

"फडकं ओलं आहे रे, पण चालेल," ती म्हणाली. तिने आपले फडके मधोमध फाडले आणि वाळूत मान खाली घालून बसलेल्या दोआनच्या कपाळाला त्यातले अर्धे बांधले.