दगडांवरची नावे

एकदा एक धर्मोपदेशक समुद्र ओलांडून दूरच्या बेटावर गेला आणि तिथे त्याने शाळा काढली. आजूबाजूच्या बेटांवरून होड्या भरभरून मुले आली. त्यांची नावे त्याच्या जिभेवर बसेनात, म्हणून प्रत्येकाला त्याने नवे नाव दिले. नवे नाव म्हणजे नवा जन्म, असे तो म्हणे. मग एका वर्षी तापाची साथ आली आणि निम्मा वर्ग शाळेमागच्या मातीत गेला. त्याने प्रत्येकासाठी दगड उभा केला, त्यावर सुबक अक्षरांत आपण दिलेले नवे नाव कोरले.

त्याच शाळेत वाढलेली आणि आता तिथेच शिकवणारी त्याची शिष्या एका सकाळी मागे गेली, तर म्हातारे गुरुजी छिन्नी-हातोडा घेऊन तीच नावे फोडत बसलेले. तिचे डोके तडकले. मेलेल्यांची आठवणही यांना आता नकोशी झाली, असेच तिला वाटले.

“पाप झाकताय, गुरुजी?”

म्हाताऱ्याने मान वर न करताच सांगितले. काल ती शेजारच्या बेटावर गेली असताना त्या मुलांच्या आया आल्या होत्या. त्यांची रीत अशी, की मेलेल्या लेकराच्या मातीपाशी त्याला नावाने हाक मारायची आणि तिथेच भाताचा घास ठेवायचा. हाकेवाचून किंवा भलत्याच्या मातीवर ठेवलेला घास लेकराला पोचत नाही.

“त्या विचारत होत्या, यातला माझा कुठला? एक म्हणाली, त्याच्या हनुवटीवर तीळ होता. मला तीळ आठवेना, पोरी. कोण पाढे चुकायचं, तेवढं आठवतं. घास तसाच पानात गुंडाळून त्या परत गेल्या.”

“मग दगड कोरे करून त्यांची लेकरं सापडणार आहेत का?”

“नाही. पण माझं खोटं तरी पोरांच्या उरावर उभं राहणार नाही.”

ती आणखीच पेटली. “शहाणपण तुम्हाला नेहमी माती लोटून झाल्यावर सुचतं. मला इतकी वर्षं हाक मारताय. माझं खरं नाव कधी विचारलंत?”

म्हाताऱ्याने हातोडा खाली ठेवला. “सांग. काय नाव तुझं?”

तिने तोंड उघडले. होडीतून इथे उतरली तेव्हा ती जेमतेम चालत होती. त्या नावाने हाक मारणारे आईबाप केव्हाच गेले होते. ते नाव आता तिलाही ठाऊक नव्हते.

ती त्याच्या शेजारी बसली आणि छिन्नी उचलली. पुढच्या दगडावरचे नाव वर्गात रोज हजेरी घेताना तिनेच पुकारले होते.

विद्या द्यायला निघालेल्याने घेणाऱ्याचे नाव आधी विचारावे. नंतर विचारले, तर सांगणारे कोणी उरलेले नसते.