नावाचं झाड

धारखोलात तेव्हा मोटार आली नव्हती, घड्याळ आलं नव्हतं, आणि लाज मात्र घरोघर पोत्यानं होती. त्या काळातली ही गोष्ट.

गावात हौसा नावाची सुईण होती. तिच्या हाताला असा गुण, की अडलेली म्हैस तिला लांबून बघूनच मोकळी व्हायची, असं म्हणतात. तिच्या नवऱ्याचं नाव हिरोजी. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत सगळ्याच बायका पाळायच्या, पण हौसा नावाशी मिळताजुळता शब्दसुद्धा ओठावर येऊ द्यायची नाही. हिरवी मिरची तिच्या लेखी पानाच्या रंगाची मिरची. विहिरीला तिकडे हिर म्हणतात, म्हणून हौसा पाण्याच्या खड्ड्यावर जायची. राहिला हिरडा. पोरांच्या पोटाला तो हमखास लागायचा, पण हौसा स्वतः डोंगरात जाऊन आणायची आणि स्वतःच उगाळून द्यायची. त्यामुळे नाव घ्यायची पाळी कधी आलीच नाही.

त्याच गावात गिरजा नावाची सून देशावरून आली होती. तिला झाडं दोनच ठाऊक, बाभूळ आणि लिंब. तिला पहिलंच मूल झालं आणि तिची झोप उडाली. पोर रडलं की तिला वाटे, काहीतरी झालं. गप्प बसलं की वाटे, नक्कीच काहीतरी झालं. ते झोपलं की श्वास चालू आहे ना, म्हणून ती नाकाशी बोट धरायची आणि त्यानंच ते जागं व्हायचं.

उन्हाळ्यात एकदा सगळं गाव वरच्या पठारावर सरपणाला गेलं. खाली उरली बाळंतीण गिरजा, आणि पाय मोडून ओसरीवर बाजेला खिळलेली हौसा. नेमकं तेव्हाच पोराचं पोट फुगलं. परवापासून त्याला शी झालीच नव्हती. टिचकी मारली की पोट ढोलकीसारखं वाजायचं, आणि तो आवाज पलीकडच्या गावात ऐकू जायचा, असं म्हणतात.

गिरजा पोराला घेऊन धावत हौसाकडे गेली. “आत्याबाई, माझं काही चुकलं का? मी काल शिळी भाकरी खाल्ली होती.”

“तुझ्या भाकरीनं काय व्हतंय! एक फळ उगाळून दे, बस्स.”

“कसलं फळ?”

हौसाचं तोंड उघडलं आणि मिटलं. “ते… आमच्यात न्हाई का… आप्पांचं झाड.”

हौसाच्या म्हाताऱ्याला सगळं गाव आप्पाच म्हणायचं. त्याचं खरं नाव गिरजाच्या कानावर कधी पडलंच नव्हतं. ती अंगणात गेली आणि पठाराकडे तोंड करून तिनं आरोळी दिली, “आप्पांच्या झाडाचं फळ धाडा होऽऽ! पोराला द्यायचंय!”

वर सगळे बुचकळ्यात पडले. आप्पांचं झाड म्हणजे उतारावरचा फणस. एवढ्याशा पोराला फणस? पण हौसाच्या औषधाला नाव ठेवायची कुणाची छाती! थोड्या वेळानं एक अजस्र फणस गडगडत आला, गोठ्याची भिंत फोडून आत गेला आणि म्हशीपाशी थांबला.

“आत्याबाई,” गिरजा रडकुंडीला आली, “हा उगाळायचा कसा?”

“अगं, ह्यो न्हवं!”

“मग नाव सांगा ना!”

“नाव घेऊ? ह्या वयात? दात न्हाईत तोंडात!”

गिरजानं पोर हौसाच्या मांडीवर ठेवलं. पोर रडतही नव्हतं. नुसतं बघत होतं. हौसानं त्या पोटावर हात ठेवला, आणि मग पदर डोक्यावरून पुढे ओढला.

“उखाण्यात घेतलं तर चालतंय,” ती स्वतःशीच पुटपुटली.

आयुष्यभर बायकांना “जोर कर!” म्हणून ओरडत कमावलेला तिचा आवाज. त्या आवाजात ती गरजली:

“चुलीवरच्या दुधाला उतू जायची घाई,
हिरोजीरावांच्या नावाचं फळ उगाळ गं बाई!”

डोंगरावरची पाखरं उडाली. पठारावर हसण्याचा नुसता कल्लोळ. “हिरडा! हिरडा!” बायका ओरडू लागल्या. पण आप्पा हसला नाही. लग्नातल्या उखाण्यानंतर आपलं नाव त्या तोंडून तो आज ऐकत होता. त्यानं मोळी टाकली, वाटेतल्या झाडाखालचे हिरडे उपरण्यात भरले आणि वाट सोडून सरळ कड्यावरून निघाला. म्हाताऱ्याचे पाय जमिनीला लागले नाहीत, असं म्हणतात. धोतर मात्र करवंदीला लागलं आणि तिथंच राहिलं.

“हाक मारलीस?” अंगणात येऊन त्यानं धापा टाकत विचारलं.

“पोराचं पोट फुगलंय,” हौसा पदराआडून म्हणाली. “आणि आधी कायतरी नेसा.”

गिरजानं हिरडा उगाळला. बोटभर चाटवला. पोरानं तोंड वाकडं केलं, आणि मग जे झालं त्यानं हौसाची बाज, आप्पाचं उपरणं आणि अर्धी ओसरी धुवावी लागली. गिरजा ओसरी धूत होती आणि आनंदानं रडत होती.

तेव्हापासून धारखोलात हिरड्याला कुणी हिरडा म्हणत नाही. ‘नावाचं झाड’ म्हणतात. व्यापारी आला आणि “हिरडा आहे का?” म्हणाला, तर बायका “न्हाई बा” म्हणतात. “नावाचं आहे का?” म्हणाला, तर पोतं उघडतात.

आणि पहिलं मूल झालं की बाराव्या दिवशी बाप पठारावर जाऊन उभा राहतो. खाली अंगणात बाळंतीण त्याचं नाव घेते, उखाण्यात, खणखणीत. ते ऐकलं की त्यानं हिरडे घेऊन पळत खाली यायचं. परवाच एकजण मोटारसायकलवरून उतरला. बायकांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली आणि त्याला पायी परत वर पाठवला.